चाल कोणाची, पीस कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघांचा बँड. तीन वर्षांपूर्वी एक गाणं केलं, शब्द आणि चाल विचारणाऱ्याची. गाण्याच्या सुरुवातीला बास गिटारचा एक पीस, म्हणजे नुसता वाजवलेला छोटा तुकडा, आहे, तो बासवाल्या मित्राने वाजवला. मित्र नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, बँड सुटला. आता एका जाहिरातीसाठी ते गाणं मागितलं जातंय आणि मित्र म्हणतो, गाण्यात माझाही वाटा आहे. विचारणाऱ्याला पक्कं आठवतं की तो पीस आपणच तोंडाने गुणगुणून दाखवला होता. मित्राला तितकंच पक्कं आठवतं की तो त्याच्याच हातातून आला. तर खरं कोणाचं, आणि जुन्या रॉक ग्रुपमध्ये असे वाद कसे मिटले?

मी वकील नाही. चौतीस वर्षं कीबोर्ड वाजवतोय, अरेंजिंग करतोय, आणि गेली काही वर्षं तरुण बँडना रॉयल्टीच्या कागदपत्रांत मदत करतोय. तुम्ही प्रश्नाबरोबर दोन क्लिप पाठवल्यात. त्या मी ऐकल्या, त्यांच्याकडे शेवटी येतो. आधी एका ऑर्गनची गोष्ट सांगतो, कारण तुमच्या भांडणाचं उत्तर बरंचसं तिच्यात आहे.

१९६७च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या प्रोकोल हारम या नव्या ग्रुपची 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' ही पहिली रेकॉर्ड आली. काही आठवड्यांत ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होती आणि सहा आठवडे तिथेच राहिली. रेकॉर्डवर गीतकार-संगीतकार म्हणून दोनच नावं: शब्द कीथ रीड, संगीत गॅरी ब्रुकर. ब्रुकर पियानो वाजवायचा आणि गायचा. ऑर्गनवर होता मॅथ्यू फिशर. त्याचं नाव श्रेयात नव्हतं.

गाणं ऐकलं नसेल तर आज ऐका, आणि सुरुवातीचे आठ बार (तालाची आवर्तनं) तीन वेळा ऐका. खाली बास पायरी पायरीने उतरतो, सा नि ध प म ग रे सा, घाई न करता. वर हॅमंड ऑर्गन एक स्वर लांब धरून ठेवतो. खालची जमीन सरकत जाते तसा तो धरलेला स्वर आपोआप रंग बदलतो, आणि मग ऑर्गन वळणं घेत खाली येतो. बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या संगीताची ओळख असलेल्याला तिथे बाखची आठवण होतेच. मी कॉलेजात असताना एका मित्राच्या घरी कॅसेटवर हे पहिल्यांदा ऐकलं आणि घरी जाऊन पायपेटीवर ते उतरवायचा प्रयत्न केला. आजीला वाटलं, मी चर्चमधलं काहीतरी वाजवतोय. मला तेव्हा गायकाचं नावही माहीत नव्हतं. डोक्यात राहिला होता तो ऑर्गनच.

आता ब्रुकरची बाजू. ती खोटी नव्हती. फिशर ग्रुपमध्ये येण्याआधीच गाणं तयार होतं. त्याचा पियानो आणि आवाजातला डेमो होता, गाणं प्रकाशकाच्या नावे लिहूनही दिलेलं होतं. उतरत्या बासची कल्पना ब्रुकरची, शब्दांवरची चाल ब्रुकरची. त्याच्या आठवणीत गाणं म्हणजे पियानोवर बसून केलेलं ते काम. फिशर आला आणि त्यावर छान वाजवलं, ते त्याचं कामच होतं.

फिशरच्या आठवणीत गाणं म्हणजे लोकांनी ऐकलं ते. त्यात ऑर्गन आधी येतो, आवाज नंतर. त्याने सुरुवातीच्या काळातच श्रेयाचा विषय काढला होता, पण दाद मिळाली नाही. मग तो गप्प बसला. जोर धरला असता तर ग्रुपमधल्या करिअरला रामराम ठोकावा लागला असता, आणि ग्रुपचं पहिलंच गाणं जगभर गाजत होतं. त्या वयात, त्या जागी किती जण बोलले असते? १९६९ मध्ये तो बाहेर पडला, पुढे १९९१ मध्ये परतलाही, दहा-बारा वर्षं पुन्हा त्याच ब्रुकरच्या शेजारी उभा राहून तोच पीस वाजवत राहिला. २००५ मध्ये दावा केला तेव्हा अडतीस वर्षं उलटली होती.

न्यायालयात पहिल्यांदा, डिसेंबर २००६ मध्ये, निकाल फिशरच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी संगीतातला ४० टक्के वाटा त्याचा धरला. त्याची मागणी निम्म्याची होती, पण ब्रुकरचं काम जास्त आहे असं ठरलं. शब्दांना हात लागला नाही, ते रीडचेच राहिले. निकालातला एक बारकावा तुमच्या कामाचा आहे. डेमोवरचं मूळ गाणं वेगळं आणि रेकॉर्ड झालेली कृती वेगळी, असं त्यांनी मानलं. मूळ गाण्यात फिशरचं काहीच नाही. रेकॉर्डवर जी कृती आहे तिच्यात आहे, कारण ऑर्गनची ती धून शब्दांच्या चालीहून निराळी, स्वतंत्र ओळखता येण्यासारखी आणि गाण्याचा मोठा भाग आहे. म्हणजे दोघांच्याही आठवणी खऱ्या होत्या. दोघं दोन वेगळ्या वस्तूंना 'गाणं' म्हणत होते.

एप्रिल २००८ मध्ये वरच्या न्यायालयाने सहकर्ता म्हणून त्याचं नाव ठेवलं, पण इतका उशीर केला म्हणून पैशावरचा हक्क काढून घेतला. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं. ३० जुलै २००९ रोजी पाचही लॉर्ड्सनी एकमताने ४० टक्के परत दिले. त्यांचं म्हणणं असं की, या उशिरामुळे ब्रुकर आणि प्रकाशकाचं काही बिघडलं नाही, उलट इतकी वर्षं पूर्ण पैसे त्यांनाच मिळत राहिले. त्यांच्यातल्या बॅरोनेस हेल यांनी लिहिलं की, साठचं दशक आठवणाऱ्यांपैकी मी एक आहे आणि त्या ऑर्गनच्या कर्त्याला अखेर श्रेय मिळालं याचा मला आनंद आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. वाजवणाऱ्या माणसाबद्दल इतक्या वरच्या न्यायालयात कोणी असं लिहितं, हे मला माहीतच नव्हतं.

पण पैसे मिळाले ते दावा केल्यापासूनचे. आधीच्या अडतीस वर्षांचे नाहीत. आणि त्या दोघांमधलं जे तुटलं ते कुठलंच न्यायालय जोडून देत नसतं. ब्रुकर २०२२ मध्ये गेला, रीड २०२३ मध्ये.

याच्या अगदी शेजारी ठेवावी अशी दुसरी गोष्ट आहे, तीही ऑर्गनचीच आणि तिथेही बाखच आहे. पण तिचा शेवट वेगळा झाला. द बँड या ग्रुपची पहिली रेकॉर्ड १९६८च्या जुलैत आली. अमेरिकेत वुडस्टॉकजवळच्या एका गुलाबी घरात ही माणसं महिनोन्‌महिने तळघरात वाजवत बसायची. त्यांच्यात गार्थ हडसन सगळ्यात शिकलेला. ग्रुपमध्ये येताना त्याने अट घातली होती की बाकीच्यांनी आठवड्याला प्रत्येकी दहा डॉलर देऊन त्याच्याकडे संगीत शिकावं. शिकलेला मुलगा रॉक वाजवतो हे घरच्यांना पटावं म्हणून तो संगीतशिक्षक म्हणून ग्रुपमध्ये आला. त्या रेकॉर्डवर 'चेस्ट फीव्हर' नावाचं गाणं आहे. त्याच्या सुरुवातीला हडसन लोरी ऑर्गनवर बाखच्या डी मायनर टोकाटा या ऑर्गनच्या रचनेचं बोट धरून सुरू होतो आणि तिथून आपल्या वाटेने निघतो. पुढे मैफलींत हा आरंभ वाढत वाढत स्वतंत्र तुकडाच झाला. रात्रीगणिक वेगळा, कधीकधी गाण्यापेक्षा मोठा. शब्दांना फारसा अर्थ नाही, हे गीतकाराने स्वतःच सांगितलेलं आहे. त्या गाण्याचं सगळं श्रेय एका नावावर: ग्रुपचा गिटारवादक रॉबी रॉबर्टसन.

ढोलवादक-गायक लीव्हॉन हेल्मला हे आयुष्यभर खुपलं. त्याने १९९३ मध्ये आत्मचरित्रात उघड लिहिलं की ही गाणी सगळ्यांनी मिळून घडवली आणि पैसे एकाकडे गेले. श्रेयनामावली बघितली तर चित्र सरकताना दिसतं. पहिल्या रेकॉर्डवर ग्रुपचा पियानोवादक-गायक रिचर्ड मॅन्युएल याची स्वतःची गाणी आहेत. १९६९च्या दुसऱ्या रेकॉर्डवर बाराही गाण्यांवर रॉबर्टसनचं नाव आहे. मॅन्युएल तिघांत सोबतीला, हेल्म एकात. पुढे ती नावंही विरत गेली. रॉबर्टसनची बाजू अशी की, मी रोज बसून लिहायचो, बाकीच्यांना लिहा लिहा म्हणायचो, ते लिहीत नव्हते. मला हे खोटं वाटत नाही. कोऱ्या कागदापुढे बसणारा माणूस वेगळाच असतो, आणि ते बसणं बाकीच्यांना दिसत नाही. पण हेल्मच्या बाजूने एक गोष्ट मी वाजवणारा म्हणून सांगतो. अमेरिकेच्या ज्या दक्षिणेची ती गाणी आहेत, ती दक्षिण कॅनडाच्या रॉबर्टसनला दिली आर्कान्सॉच्या या शेतकऱ्याच्या मुलाने, बोलण्यातून, शब्दांच्या हेलांतून, ढोलाच्या मागे रेंगाळणाऱ्या ठोक्यातून. कायद्यात त्याला रकाना नाही.

इथे न्यायालय नव्हतं, निकाल नव्हता. रॉबर्टसनला लेखनाची रॉयल्टी मिळत राहिली, बाकीच्यांचं पोट दौऱ्यांवर राहिलं. मॅन्युएल १९८६ मध्ये दौऱ्यावर असतानाच गेला. घशाच्या कॅन्सरचा खर्च अंगावर आला तेव्हा हेल्मने वुडस्टॉकच्या आपल्या कोठारात रात्रीच्या मैफली सुरू केल्या. २०१२च्या एप्रिलमध्ये तो शेवटच्या घटका मोजत असताना रॉबर्टसन रुग्णालयात येऊन त्याच्या उशाशी बसला. त्या खोलीत काही बोलणं झालं असेल असं वाटत नाही. माझ्या मते हे फिशरच्या प्रकरणाहून दुःखद आहे.

आता काय मोजतात आणि काय मोजत नाहीत, याबद्दल. ब्रिटनमध्येच १९९९ मध्ये स्पँडाऊ बॅले या ग्रुपच्या तिघांनी, गायक, सॅक्सोफोनवाला आणि ड्रमर यांनी, असाच दावा केला आणि हरले. गाणी गॅरी केंप घरून पूर्ण करून आणायचा, बाकीच्यांनी ती उत्तम वाजवली, पण वाजवणं वेगळं आणि रचणं वेगळं, असं न्यायमूर्ती पार्क यांनी ठरवलं. सॅक्सोफोनचा सोलोसुद्धा त्यांनी वाजवण्यातच धरला. काहीच वर्षांनी द ब्लूबेल्सच्या एका गाण्यात व्हायोलिन वाजवायला बोलावलेल्या माणसाला मात्र सहकर्ता मानलं गेलं, कारण ती व्हायोलिनची धून त्याने तिथे नव्याने आणली होती आणि गाण्यात ती पुन्हा पुन्हा येते. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या रेकॉर्डवर क्लेअर टॉरी शब्दांविना जे गायली, त्याचे रविवारचे तीस पाउंड तिला मिळाले होते. तिने २००४ मध्ये दावा केला, पुढच्या वर्षी बाहेरच मिटलं, आणि तेव्हापासून त्या गाण्यावर संगीतकार म्हणून ग्रुपच्या रिचर्ड राइटच्या जोडीला तिचं नाव छापलं जातं. तेव्हा सरसकट उत्तर मागू नका. तो तुकडा नवा आहे का, चालीहून वेगळा ओळखू येतो का, गाण्यात त्याची जागा किती, आणि तो कोणी सांगून वाजवला की स्वतःहून, एवढं बघतात.

आपल्याकडे या भेदासाठी शब्द आधीपासून आहेत. स्टुडिओत आपण 'चाल' म्हणतो आणि 'पीस' म्हणतो. चाल संगीतकाराची, पीस अरेंजरचा किंवा वाजवणाऱ्याचा. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदावर राग, ताल आणि मूळ चाल कुठली तेही छापलेलं असायचं. उसनं घेतलं तर उसनं घेतलं असं लिहायची ती रीत मला फार आवडते. पिसाबद्दल मात्र आपण तितके प्रामाणिक राहिलो नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि अरेंजरांनी केवढं काम केलं. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस. गाण्यांआधीचं आणि अंतऱ्यांमधलं जे आपण तोंडाने म्हणतो, त्यातलं कितीतरी अशा लोकांच्या नोटेशनच्या कागदावर जन्मलं. पडद्यावर आणि रेकॉर्डवर नाव संगीतकाराचं. माजोर्ड्याच्या गोन्साल्विस सरांचं नाव घराघरात पोचलं ते त्यांच्या शिष्याने, प्यारेलालजींनी, एका गाण्यात ते घातलं म्हणून.

मलाही हे लागलेलं आहे. नव्वदच्या दशकात एका मराठी गाण्यासाठी मी सकाळी स्टुडिओत गेलो. मुखड्याची चाल तयार होती, आरंभ नव्हता. चहा येईपर्यंत सहा बारचा एक पीस बसवला. सगळ्यांना आवडला, दोन टेकमध्ये झालं, सेशनचे पैसे रोख मिळाले. आजही गणपतीत मंडपात तो पीस वाजला की लोक गायकाचा आवाज येण्याआधी टाळ्या वाजवतात. कॅसेटवर माझं नाव नव्हतं, 'वादक' म्हणूनही नाही. कोणाचं गाणं ते सांगणार नाही. मी तेव्हा मागितलं नाही, हेही खरं आहे. माझ्या त्या वर्षीच्या डायरीत त्या तारखेच्या पानावर पेन्सिलीने ते सहा बार उतरवलेले आहेत, शेजारी ताल आणि पट्टी. फिशरचा निकाल वाचल्यावर मी ती डायरी माळ्यावरून काढली. दावा करायचा नव्हता. फक्त आपल्याला नीट आठवतंय ना, ते बघायचं होतं. एक स्वर मी चुकीचा आठवत होतो.

भारतातल्या कायद्याबद्दल दोनच गोष्टी. १९५७च्या कायद्यात पूर्वी संगीतकृती म्हणजे कागदावर उतरवलेले स्वर असा अर्थ होता. १९९४च्या दुरुस्तीनंतर ते बंधन गेलं. आता ज्याने संगीत रचलं तो संगीतकार, त्याने ते लिहून ठेवलं असो वा नसो. म्हणजे तुमच्या मित्राला नोटेशन येत नाही हा मुद्दा होऊ शकत नाही. दुसरं, दोघांचं काम एकमेकांत इतकं मिसळलेलं असेल की वेगळं काढता येत नाही, तर ती संयुक्त कृती ठरते, आणि मग सहकर्त्याला डावलून पुढे जाणं धोक्याचं. ब्रिटनचा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, आणि उशिराबद्दलचे आपले नियम वेगळे आहेत. जाहिरातीच्या करारावर सही करण्याआधी एका कॉपीराइटच्या वकिलाला तासभर भेटाच.

आता तुमच्या क्लिप. पहिली फोनवरची, पंख्याचा आवाज असलेली. चाळिसाव्या सेकंदाला तुम्ही खरंच काहीतरी गुणगुणता. तुमची आठवण खोटी नाही. प ध सा, प ध सा, सरळ ठोक्यावर, आणि तिथेच थांबता. मागून मित्र म्हणतो, "थांब थांब, परत म्हण." मग आठ-दहा सेकंद काहीच नाही, आणि बास सुरू होतो. त्याने तेच तीन स्वर घेतलेत, पण पहिला ठोका मोकळा सोडलाय. वरच्या सा वर न जाता तो खालच्या सा वर उडी मारतो, आणि चौथ्या बारमध्ये कोमल नि घालतो, जो तुमच्या गुणगुणण्यात कुठेच नाही. दुसऱ्या क्लिपमध्ये, म्हणजे पक्क्या रेकॉर्डिंगमध्ये, तोच पीस सुरुवातीला, प्रत्येक अंतऱ्यानंतर आणि शेवटी आहे. मी मोजलं, पाच वेळा. जाहिरातवाल्यांना पंधरा सेकंद हवेत असं तुम्ही लिहिलंय. ते पंधरा सेकंद कुठले असतील? गाण्याचे पहिलेच ना? त्यात तुमचा आवाज येतच नाही.

बीज तुमचं, पीस त्याचा. मला विचाराल तर शब्दांचे शंभर टक्के तुमच्याकडे ठेवा, त्यावर वाद नाही. संगीतात त्याला तीस टक्के द्या. फिशरचे चाळीस होते, पण त्याला कोणी तीन स्वर गुणगुणून दिले नव्हते. ड्रमर आणि गिटारवाला यांनी काही नवी धून आणलेली मला ऐकू आली नाही. त्यांना रेकॉर्डिंगच्या पैशांत वाटा द्या, तो रचनेच्या वाट्याहून वेगळा असतो हे त्यांना नीट समजावून सांगा. काही ग्रुप सगळंच समान वाटतात, तोही मार्ग आहे. द डोअर्सनी सुरुवातीला तसंच केलं होतं, सगळी गाणी ग्रुपच्या नावावर. चौथ्या रेकॉर्डच्या वेळी गिटारवादक क्रीगरने लिहिलेले शब्द गायक मॉरिसनला आपल्या नावावर नको होते, तेव्हा नावं वेगळी झाली.

एका साध्या कागदावर गाण्याचं नाव, पहिल्या क्लिपची तारीख, त्या खोलीत कोण कोण होतं, शब्द कोणाचे, चाल कोणाची, पीस कोणाचा, टक्के किती, एवढं लिहा आणि चौघांच्या सह्या घ्या. पण तो कागद मित्राला लगेच पाठवू नका. आधी पहिली क्लिप पाठवा, नुसती, बरोबर काही न लिहिता. त्याने ती ऐकली की फोन करा. त्यातलं त्याचं "थांब थांब, परत म्हण" त्यालाही आठवत नसेल.